भोवळ, झीट आणि चक्कर

आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. उन्हाचे दिवस असतात, मुले रांगेत ताठ उभी असतात, आणि मधूनच एखाद्या रांगेत गलका होतो, "सर, याला चक्कर आला!" गेली तीस वर्षे मी हे पाहत आलो. अशा वेळचे माझे भाषणही ठरलेले असे : "उपाशीपोटी येता, रात्री उशिरापर्यंत जागता, मग चक्कर येणार नाही तर काय होणार?" त्या मुलाला सावलीत बसवायचे, साखरपाणी पाजायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. माझ्या लेखी चक्कर हा शिस्तीचा प्रश्न होता.

जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळी प्रार्थनेत पडलेले मूल छप्पन्न वर्षांचे होते. ते मूल म्हणजे मी स्वतः!

उन्हाचा काही संबंध नव्हता, चांगली थंडी होती. घरून पोटभर पोहे खाऊन निघालो होतो. रात्री झोपही झाली होती. समोर तीनशे मुले, बाजूला शिक्षकवृंद, राष्ट्रगीत सुरू झाले, आणि त्यानंतर मला एकदम आठवते ते आकाश. आकाश, कडुलिंबाची फांदी आणि खाली वाकलेले आठ-दहा चेहरे. मधले काहीच नाही. डोळ्यांपुढे अंधारी नाही, गरगरणे नाही, घाम नाही. जणू पुस्तकातले एक पान कोणी सफाईने फाडून घेतले होते आणि मी पुढच्या पानावरून वाचू लागलो होतो. आमचा शिपाई माझ्या नाकाशी चप्पल धरून बसला होता, कोणीतरी कांदा आणायला धावले होते, आणि कवायतीचे सर मला बगलेत हात घालून उभे करण्याची पराकाष्ठा करीत होते. मी उठून बसलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "काही नाही, जरा चक्कर आली. आपापल्या वर्गात जा."

हे खोटे होते. म्हणजे 'काही नाही' हेही खोटे आणि 'चक्कर' हेही खोटे.

खरी गोष्ट अशी की ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा पडलो तो तापीवर, राजघाटाच्या पायऱ्यांवर. सकाळी फिरायला गेलो होतो, आजूबाजूला कोणी नव्हते, कोपर खरचटले तेवढेच. पाय घसरला असे घरी सांगितले. दुसऱ्यांदा आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. हातातला कप खाली पडून फुटला. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मी शुद्धीवर होतो. "डुलकी लागली होती," असे म्हणालो. हेडमास्तर माणसाने पडायचे नसते, ही माझी समजूत. मुलांसमोर पडायचे नाही आणि बायकोसमोर तर नाहीच. शिवाय नोकरीची काही वर्षे उरलेली. शाळेत कुजबुज सुरू झाली की 'सरांची तब्येत बरी नसते' हे बिरुद निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

दुसऱ्या प्रसंगानंतर मी गुपचूप एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारले, "क्या तकलीफ है?" मी म्हणालो, "चक्कर आते हैं." त्यांनी मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली, कानाचा दोष असावा म्हणाले आणि गोळ्या दिल्या. त्या मी सहा महिने इमानेइतबारे घेतल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी मी सांगितलेल्या रोगावर औषध दिले. रोग मात्र मी दुसऱ्याचाच सांगितला होता!

येथे माझ्यातला मराठीचा एम.ए. जागा होतो, त्याला वाचकांनी क्षमा करावी. आपल्या सीमेवरच्या घरांत दोन भाषा एका चुलीवर शिजतात. त्याचे अनेक फायदे आहेत. पण काही शब्द त्यात विरघळून जातात. माझ्या आईच्या बोलण्यात पडण्याचे चार प्रकार होते. पाळण्यातून उतरल्यावर घर फिरते ती घेरी. उन्हात उभे राहून जीव कासावीस होतो, घाम फुटतो आणि माणूस हळूच खाली बसतो ती भोवळ. उठताना क्षणभर दिसेनासे होते ती अंधारी. आणि धडधाकट माणूस बोलता बोलता तोडलेल्या फांदीसारखा कोसळतो ती झीट. आमच्या पिढीने या चारींच्या जागी एकच शब्द आणून बसवला : चक्कर. हिंदीत तो येतो, मराठीत ती येते, आणि बुऱ्हाणपुरात कधी येतो तर कधी येते. एवढाच काय तो आम्ही फरक ठेवला. आयुर्वेदातल्या 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात मूर्च्छा, भ्रम, तंद्रा, निद्रा आणि संन्यास यांचा विचार एका प्रकरणात केलेला आहे, पण प्रत्येकाची लक्षणे निराळी सांगितली आहेत. गरगरणे म्हणजे भ्रम, शुद्ध हरपणे म्हणजे मूर्च्छा. बाराशे वर्षांपूर्वी ठाऊक असलेला भेद मी डॉक्टरांसमोर एका शब्दात पुसून टाकला होता.

तिसऱ्या वेळी मात्र लपवणे शक्य नव्हते. तीनशे साक्षीदार होते. संध्याकाळपर्यंत बातमी शनवाऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत पोचली. सौ.ने काही विचारले नाही. तिने फक्त फुटलेल्या कपाची बशी फडताळातून काढून माझ्यापुढे ठेवली. मग मी सगळे सांगितले.

ती म्हणाली, "मामंजींचंही असंच होत असे ना?"

हा विषय आमच्या घरात फारसा निघत नाही. माझे वडील सुमारे वर्षभर असेच पडत होते. मी तेव्हा शाळेत होतो. पडताना त्यांचे हात क्षणभर झटकत, म्हणून सर्वांनी ठरवले की फेफरे आहे. कोणी मिरगी म्हणाले, कोणी बाहेरचे काही आहे म्हणाले. फेफऱ्याच्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगत. अंगारे झाले, धुपारे झाले. एका पहाटे आई त्यांना उठवायला गेली तर ते उठले नाहीत. त्यांना नेमके काय झाले होते, हे आता जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. त्यांच्या पडण्याची नोंद कोठेच नाही.

आठवड्याच्या आत पुतण्याने मला गाडीत घालून इंदूरला नेले. अशीरगड मागे पडला, मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा ओलांडली, आणि त्या चार-पाच तासांत मी मनात हिंदी वाक्ये जुळवत होतो. हृदयविकाराच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांतली निम्मी विसरलो. "चक्कर..." म्हणून अडखळलो. डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "सर, मराठीत सांगा. माझी आई देवासची आहे." आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो असा : "भोवळ येते की झीट येते?"

मला त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले.

त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. उभे होता की बसला होता? मान वळवली होती का? खोकला आला होता का? पडण्याआधी मळमळ, जांभया, घाम? जीभ चावली गेली का? कपड्यांत लघवी झाली का? शुद्धीवर आल्यावर लगेच नीट बोललात की बराच वेळ गोंधळलेले होता? घरात कोणी अचानक गेले आहे का? येथे मी वडिलांचे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि ते लिहून घेतले. मग म्हणाले, "तुम्ही बेशुद्ध होता, तेव्हा तुमची साक्ष अपुरी. पाहणारं कोण होतं?"

एक साक्षीदार होता. प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी आठवीतली एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन, चाचरत, सांगून गेली होती. "सर, तुम्ही राष्ट्रगीताच्या चौथ्या ओळीला पडलात आणि शेवटच्या जयघोषाच्या आधी डोळे उघडलेत. आधी तुमचा चेहरा अगदी पांढरा झाला होता, नंतर एकदम लाल झाला." तेव्हा मी तिला "बरं, बरं" म्हणून वाटेला लावले होते. डॉक्टरांना हे सांगताच ते खुर्चीत पुढे सरकले. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. म्हणजे मी जास्तीत जास्त अर्धा मिनिट बेशुद्ध होतो. आधी पांढरा, नंतर लाल! ते म्हणाले, "ही मुलगी पुढे डॉक्टर होवो. डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी अशाच रोग्यांचं वर्णन करून ठेवलंय." रॉबर्ट अ‍ॅडम्स याने १८२७ साली आणि विल्यम स्टोक्स याने १८४६ साली लिहून ठेवले की नाडी अतिशय मंद असलेले काही रोगी एकाएकी कोसळतात, आणि दोष डोक्यात नसून हृदयात असतो. आजही त्या झटक्याला या दोघांचे नाव आहे. हृदय थांबले की चेहऱ्यावरचे रक्त ओसरते, पुन्हा चालू झाले की रक्ताची लाट परत येते, म्हणून आधी पांढरा आणि मग लाल. आणि हेही तेव्हाच कळले की मेंदूला रक्त मिळाले नाही तर मूर्च्छेतही हात-पाय झटकतात. मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या डोळ्यांपुढे माझे वडील होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. पडणाऱ्यांची तीन घराणी असतात. पहिले सर्वांत मोठे आणि बहुधा निरुपद्रवी. उष्मा, गर्दी, वेदना, रक्त पाहणे, फार वेळ उभे राहणे यांनी मज्जातंतूंची एक प्रतिक्रिया होऊन रक्तदाब आणि नाडी दोन्ही उतरतात. आमची प्रार्थनेतली मुले बहुतेक याच घराण्यातली. दुसरे, उभे राहताच रक्तदाब घसरणाऱ्यांचे. यात म्हातारी माणसे, अंगातले पाणी कमी झालेले आणि काही औषधे घेणारे येतात. तिसरे घराणे हृदयाचे. त्यात गती फार मंद होते, किंवा फार वेगाने बिघडते, किंवा झडपेत अडथळा असतो. हे घराणे लहान आहे, पण जीव घेते ते हेच.

माझा रक्तदाब निजून आणि उभे राहून मोजला, तो ठीक होता. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, झडपा ठीक. कार्डिओग्राममध्ये मात्र एक खूण सापडली. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यांकडे विजेचा निरोप नेणाऱ्या वाटांपैकी एका फाट्यावर तो उशिरा पोचत होता. "हा संशय आहे, पुरावा नाही," डॉक्टर म्हणाले. "कार्डिओग्राम दहा सेकंदांचा असतो. तुम्ही पडता वर्षातून दोनदा. चोर आला नाही त्या रात्री पहारा दिल्यासारखं आहे हे."

मला मात्र इन्स्पेक्टर आठवले. शाळा तपासणीला साहेब येतात, दहा मिनिटे वर्गात बसतात, मुले हाताची घडी घालून चिडीचूप. साहेब शेरा मारतात, 'शिस्त उत्तम.' खरी शाळा पाहायची तर साहेबांनी दिवसभर मागच्या बाकावर बसले पाहिजे, आणि तेही मुलांना विसर पडेल असे!

असा मागच्या बाकावर बसणारा साहेब शोधून काढला तो अमेरिकेतल्या नॉर्मन हॉल्टर या पदार्थवैज्ञानिकाने. त्याआधी हॉलंडच्या विलेम आइन्थोव्हेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज टिपणारे यंत्र बनवले होते. त्याबद्दल त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते यंत्र काही मणांचे होते, आणि रोग्याने हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून स्वस्थ बसावे लागे. हॉल्टर मोंटाना राज्यातल्या हेलेना या लहानशा गावचा. त्याचे म्हणणे असे की माणूस काही दिवसभर निजून नसतो. तो चालतो, जिने चढतो, भांडतो, जेवतो. त्याचे हृदय तपासायचे तर यंत्राने त्याच्यामागे जावे. १९४७ च्या सुमारास त्याने पहिले यंत्र बनवले ते पाठीवर बांधायचे होते आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! ते पाठीवर घेऊन तो स्वतः जागच्या सायकलीवर पायडल मारी, आणि त्याच्या हृदयाचे ठोके रेडिओने दुसरीकडे उमटत. पुढे यंत्र लहान होत गेले. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने आपली पद्धत जगापुढे ठेवली. नंतर कित्येक वर्षे कमरेला लटकवायचा कॅसेटचा टेपरेकॉर्डर असे. आता कॅसेट गेली. माझ्या छातीवर चिकटवलेल्या तारांच्या टोकाशी जो डबा आला तो काडेपेटीहून थोडासा मोठा होता.

छातीवरचे केस काढून चकत्या चिकटवल्या, डबी कमरेला अडकवली आणि एक कागद हाती दिला. त्यावर लिहायचे : वेळ, काय करीत होता, काय वाटले. "यंत्र ठोके लिहील," तंत्रज्ञ म्हणाला, "बाकी आपको लिखना है." आंघोळ नाही, बाकी सगळे नेहमीसारखे. एका दिवसात हृदय सुमारे एक लाख वेळा ठोकते. कार्डिओग्रामने त्यांतले दहा-बारा पाहिले होते. हे यंत्र लाखाच्या लाख पाहणार होते.

तो दिवस पुतण्याकडे इंदुरातच काढला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. चोवीस तास, दोष नाही. मी पुतण्याला मिठाई आणायला पाठवणार तोच डॉक्टर म्हणाले, "सर, परीक्षेच्या दिवशी वर्ग शांत होता, एवढंच यातून सिद्ध झालं. तुम्ही काल पडला नाहीत. जो दिवस पाहिला त्या दिवशी चोर आला नाही." वर्षाकाठी दोनदा पडणाऱ्याला एका दिवसाचा पहारा क्वचितच पुरतो. त्यासाठी जास्त दिवसांची साधने असतात. छातीवर पट्टीसारखे चिकटवून एक-दोन आठवडे ठेवायचे यंत्र असते. त्यानेही हाती काही लागले नाही तर कातडीखाली बसवायचे, बोटाच्या पेराएवढे एक यंत्रही असते, ते तीनेक वर्षे पहारा देते. माझ्या छातीवर चौदा दिवसांची पट्टी लागली. तिला एक बटण होते, त्रास झाला की दाबायचे. आणि पुन्हा तोच कागद. शिवाय दोन ताकिदी. स्कूटर चालवायची नाही, आणि नदीवर एकट्याने जायचे नाही. स्कूटरची किल्ली सौ.ने तेथल्या तेथे पर्समध्ये टाकली.

बुऱ्हाणपूरला परतलो. पट्टीपेक्षा तो कागदच मला जड झाला. आयुष्यभर मी मुलांच्या डायऱ्या तपासल्या. आता स्वतःची लिहायची होती आणि ती खरी लिहायची होती. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी मी आज पाहतो तर हसू येते. 'सकाळी ११. वर्ग तपासणी. ठीक.' 'दुपारी ३. कार्यालयीन काम. ठीक.' सौ.ने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायचा अहवाल आहे का? तीन वाजता तुम्ही कारकुनावर ओरडलात, ते लिहा. रात्री दोन वाजता उठून बसला होता, ते लिहा." मग लिहू लागलो. रात्री दोन वाजता भीती वाटली. वडिलांची आठवण. छातीत धडधड. प्रथमच मी स्वतःविषयी काहीतरी खरे लिहीत होतो.

आमच्या गावी रात्रीही कोठे ना कोठे यंत्रमाग चालू असतात. त्या खडखडाटात आम्ही लहानाचे मोठे झालो. त्याने आमची झोप मोडत नाही. वीज जाऊन माग थांबले की मात्र गाव जागे होते. त्या चौदा रात्रींत एकदा असेच झाले. एकदम शांतता झाली आणि मी दचकून उठलो. हात आपोआप छातीवर गेला. तेथला माग चालू होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे मेथी निवडत बसलो होतो. मी चुलतभावाच्या शेताविषयी काही सांगत होतो. केळीचा भाव काय मिळाला वगैरे. मग फाटलेले पान. पुढचे आठवते ते सौ.चा हात माझ्या छातीवर, बटणावर. तिने मला उचलून बसवले नाही, आडवे केले होते, डॉक्टरांनी सांगितले होते तसे. मला पूर्ण शुद्ध येताच तिने कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिले. ते अक्षर मी जन्मात विसरणार नाही. थरथरते, पण एकही शब्द वावगा नाही : 'सायंकाळी ७.१८. मेथी निवडताना. बोलता बोलता मान टाकली. चेहरा पांढरा. हाक मारली, ओ नाही. दहा अंक मोजले. मग डोळे उघडले. चेहरा लाल. लगेच ओळखले. झीट.'

'चक्कर' नव्हे. 'झीट.'

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्यावर ढकलू नका. रात्रीच निघालो. पट्टीतली नोंद संगणकावर काढून त्यांनी सौ.चा कागद शेजारी ठेवला. ७ वाजून १८ मिनिटे. पडद्यावर रेघ धावत होती आणि एका जागी तिचे उंच शिखर नाहीसे झाले होते. पण रेघ अगदी सपाट नव्हती. बारीक बारीक उंचवटे ठरावीक अंतराने येत होते. "हे बघा," डॉक्टर म्हणाले, "वरचा कप्पा नियमाने निरोप पाठवतोय. खाली पोचत नाही. साडेनऊ सेकंद." मला तो पडदा वर्गासारखा दिसला. मास्तर हजेरी घेत आहेत, एकामागून एक नाव पुकारत आहेत आणि वर्गातून 'हजर' असे कोणी म्हणत नाही.

पुढचे सोपे होते. कॉलरच्या हाडाखाली, जागा बधिर करून, पेसमेकर बसवला. मी जागा होतो आणि डॉक्टरांशी गप्पा मारीत होतो. माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये १९५८ साली आर्ने लार्सन याला बसवला गेला, हे त्यांनीच सांगितले. लार्सनला दिवसाकाठी वीस-तीस झटके येत. त्याच्या बायकोने डॉक्टर आणि अभियंता यांच्या मागे लागून, त्यांना गळ घालून ते यंत्र करवून घेतले. पहिले यंत्र काही तासच चालले. पण पुढे एकामागून एक अशी २६ यंत्रे वापरून तो २००१ पर्यंत जगला, शस्त्रक्रिया करणारा आणि यंत्र बनवणारा या दोघांच्याही मागे! ही गोष्ट ऐकून सौ. म्हणाली, "बायकोचं नाव काय होतं?" डॉक्टरांना ते आठवेना. मी नंतर शोधले. एल्से-मारी.

या गोष्टीला आता दीड वर्ष उलटले. त्यानंतर मी पडलो नाही. शाळेत माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. प्रार्थनेत किंवा मैदानावर कोणी पडले की त्यात नोंद होते. वेळ, किती वेळ उभा होता, आधी काय वाटले, चेहरा कसा होता, किती अंक मोजेपर्यंत शुद्ध आली, कोणी पाहिले. मुलाला आपली भाषा बोलू द्यायची, मराठी असो, हिंदी असो, निमाडी असो, उर्दू असो. 'चक्कर' एवढ्यावर भागत नाही. "म्हणजे काय झालं?" असे विचारायचे. चप्पल-कांदा बंद. उभे करणे बंद. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे बंद. आडवे करायचे, पाय थोडे वर उचलायचे, श्वास पाहायचा. श्वास चालत नसेल किंवा मिनिटभरात शुद्ध येत नसेल तर डॉक्टरांसाठी धावायचे. बहुतेक मुले पहिल्या घराण्यातलीच निघतात आणि पाणी पिऊन हसत वर्गात जातात. पण जे मूल धावता धावता पडले, जे कसलीही सूचना न मिळता कोसळले, किंवा ज्याच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, त्याच्या आईवडिलांना मी स्वतः बोलावतो आणि कार्डिओग्राम काढायला सांगतो. ते म्हणतात, "सर, काही नाही हो, चक्कर आला असेल." मग मी शर्टाचे वरचे बटण काढून कॉलरच्या हाडाखालचा उंचवटा दाखवतो. त्यानंतर सहसा वाद होत नाही.

सौ.चा तो कागद डॉक्टरांकडून मागून आणला. आमच्या घरातल्या पडण्याची ती पहिली नोंद आहे. वडिलांच्या तसबिरीमागे ठेवली आहे.

ती आठवीतली मुलगी आता दहावीत आहे. परवा सहज तिला विचारले, "त्या दिवशी सगळे गडबडले होते, तुला एवढं नेमकं कसं आठवलं गं? कुठल्या ओळीला पडलो, कुठे डोळे उघडले?"

ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगता ना, राष्ट्रगीत चालू असताना जागचं हलायचं नाही. मला धावत यायचं होतं. पण हलता येत नव्हतं. मग मी नुसती बघत राहिले."